गाव्रिलाला संशय नाही

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी सहा वाजता कोर्नेत गावच्या टेकडीवर दोनशे चौतीस दुभत्या मेंढ्या होत्या, एकोणीस मालक, अकरा कुत्री, एक मुख्य मेंढपाळ, त्याचे दोन गडी, वीस चरव्या आणि दूध मोजायची तीन मापं होती. मापं तीन, कारण एकट्या मापावर कुणाचाच विश्वास नव्हता. पहिलं माप म्हणजे खाचा पाडलेली जुनी काठी. ती चरवीत उभी बुडवायची आणि दूध कितव्या खाचेला लागलं ते बघायचं. सहा वर्षांपूर्वी तिचं खालचं टोक बोटभर कापलेलं आढळलं. काठी सगळ्यांना एकच असल्यामुळे त्यातून कुणाचाच फायदा होत नव्हता, पण ती कापली कुणी ही चर्चा अजून संपलेली नाही. दुसरं माप शाळेच्या प्रयोगशाळेतला एक लिटरचा काचेचा नळा. तो शाळेच्या जुन्या शिक्षिका वेतुरियाबाई घेऊन यायच्या. तिसरा बियरचा मग. तो नळ्यावर लक्ष ठेवायला होता. तिन्ही मापांचं एकमत झालं की लोकांना चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं.

साफ्ता बर्लेआच्या मेंढ्या बारा. तिनं त्या उजाडल्यापासून चार वेळा मोजल्या होत्या. चारही वेळा बारा भरल्या, म्हणूनच तिला पाचव्यांदा मोजाव्याशा वाटत होत्या.

या एका सकाळच्या दुधावर पुढचे साडेचार महिने ठरायचे. कळप आजपासून सप्टेंबरपर्यंत डोंगरावर राहणार, सगळ्यांचं दूध एकाच कढईत जाणार, आणि आज ज्याच्या मेंढ्या जितकं देतील त्या प्रमाणात त्याला उन्हाळाभर चीज मिळणार. साफ्ताचं यंदा त्याहून जास्त पणाला लागलं होतं. तिचा मुलगा सिल्विऊ क्लुज शहरात चौथ्या मजल्यावर राहायचा. ईस्टरला फोनवर तो म्हणाला होता, "आई, मेंढीमागं अर्धा लिटर तरी निघालं पाहिजे. बारा मेंढ्या, सहा लिटर. त्याखाली गेलं तर मेंढ्या तुला पोसत नाहीत, तू मेंढ्यांना पोसतेस. मग यंदा मेंढ्या विकायच्या, घराला कुलूप लावायचं आणि इकडं यायचं. कबूल?"

"गेल्या वर्षी पाच लिटर शंभर होतं, ते पारास्किवानं पिळलं म्हणून," साफ्ता म्हणाली.

"आई, दर वर्षी कुणीतरी पिळलेलंच असतं."

"तिनं अर्धं कासेतच ठेवलं रे!"

"सहा लिटर, आई. कबूल की नाही?"

साफ्तानं भिंतीवरच्या संत निकोलाच्या तसबिरीकडे बघत कबूल म्हटलं. एकदा त्याच्यासमोर म्हटलं की शब्द फिरवायची तिची छाती नव्हती. क्लुजच्या त्या घरात ती एकदाच आठवडाभर राहिली होती. गॅलरीतून खाली बघितलं की मोटारींचे टप दिसत. सात दिवसांत तिला तिथं एकही माणूस असा भेटला नाही ज्याच्यावर नीट संशय घ्यावा. शेजारी दार उघडून हसायचे आणि दार लावून घ्यायचे. तिथं मरण लवकर येईल असं तिला वाटलं होतं.

कोर्नेतमध्ये आपल्या मेंढ्या आपण पिळायच्या नाहीत. पूर्वी ज्याच्या त्याने पिळायच्या. मग एका वर्षी एका बाईच्या घागऱ्याखाली दुधानं टम्म भरलेली डुकराच्या मूत्राशयाची पिशवी सापडली. तेव्हापासून चिठ्ठ्या टाकून ठरतं की कुणाच्या मेंढ्या कोण पिळणार. हा उपाय सगळ्यांना पटला. स्वतःची चोरी करायची सोय गेली, पण दुसऱ्याला चोर म्हणायची सोय झाली, आणि ही दुसरी सोय पहिलीपेक्षा जास्त दिवस पुरते. पिळणारा मुद्दाम कासेत दूध मागं ठेवील, म्हणून आणखी एक नियम झाला. मालकानं तक्रार केली तर त्याच्या मेंढ्या पुन्हा पिळायच्या. मागं ठेवलेलं जेवढं निघेल तेवढं मालकाच्या मापात घालायचं आणि पिळणाऱ्याच्या स्वतःच्या मापातून वजा करायचं.

चिठ्ठ्या वेतुरियाबाई काढायच्या. त्या गावच्या शाळेत चौतीस वर्षं गणित आणि विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्याकडे एकही मेंढी नव्हती. गावातल्या सगळ्यांचा त्यांच्यावर सारखाच अविश्वास होता, म्हणून हे काम त्यांच्याकडे आलं होतं.

त्यांनी मुख्य मेंढपाळ तोमाच्या टोपीत हात घातला. "साफ्ता बर्लेआच्या मेंढ्या पिळणार, गाव्रिला."

कुणीतरी शीळ घातली.

"गाव्रिलाच्या मेंढ्या पिळणार..." त्यांनी चिठ्ठी उलगडली, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. "साफ्ता बर्लेआ."

आता अठरा मालकांनी एकदम टोपीत डोकावून बघितलं. एकोणिसावी साफ्ता. ती जागची हलली नाही. टोपीत बघून काय मिळणार? ज्यानं हे घडवून आणलं तो टोपीत थोडाच बसला असेल!

गाव्रिला तिच्या कुंपणाला कुंपण लागून राहायचा. एकोणीस वर्षांपूर्वी संत जॉर्जच्या दिवशी सकाळी साफ्तानं खिडकीतून बघितलं, तर गाव्रिलाची बायको दोकिया तिच्या कुरणातल्या दवात पांढरी चादर पसरत होती. संत जॉर्जच्या सकाळी दुसऱ्याच्या गवतावरचं दव कपड्यानं टिपलं की त्या घरच्या दुधाचं सत्त्व त्या कपड्यातून निघून जातं, हे कोर्नेतमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दोकिया म्हणाली, चादर पांढरी व्हायला दवात घातली. आमच्या अंगणात कोंबड्या घाण करतात. त्या वर्षी साफ्ताच्या मेंढ्या जूनमध्येच आटल्या. त्या वर्षी सगळ्यांच्याच आटल्या होत्या, पाऊसच नव्हता. पण सगळ्यांच्या गवतावर चादर नव्हती. दोकिया जाऊन सहा वर्षं झाली. साफ्ता तिच्या तेराव्याला गेली नाही. म्हणजे कोर्नेतच्या रीतीप्रमाणे नवव्या दिवशी आणि चाळिसाव्या दिवशी असं दोनदा गेली नाही.

चादरीच्या त्या सकाळपासून साफ्ता आणि गाव्रिला एकमेकांशी बोलत नसत. सांगायचं असेल ते कोंबड्यांना सांगत. "काय गं पिवळे, काही लोक आपलं सरपण दुसऱ्याच्या भिंतीला टेकून ठेवतात, बघितलंस?" असं साफ्ता कुंपणापाशी म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी सरपण हललेलं असायचं. या पद्धतीनं त्यांचं सरपण, नाला, गटार, जर्दाळूची फांदी आणि पोस्टमन बदलला त्याची बातमी इतकं सगळं बोलून झालं होतं.

मेंढवाड्याच्या कुडाला शेजारी शेजारी दोन अरुंद फटी होत्या. एकेका फटीतून एक मेंढी यायची, पिळणारा तिला पायांत धरायचा, पिळायचा आणि मागच्या बाजूनं सोडून द्यायचा. साफ्ता डाव्या फटीशी तिवईवर बसली, गाव्रिला उजव्या. दोन चरव्यांत हातभर अंतर होतं. गाव्रिला सडपातळ, वाकलेला, सत्तरीला टेकलेला; डोक्यावर दोन आकारांनी लहान गवती टोपी.

"चल गं बाई," तो पहिल्या मेंढीला म्हणाला, "घाबरू नकोस, मी कुणाचं काही घेत नाही."

"ऐकलंस का," साफ्ता तिच्या पायांतल्या मेंढीला म्हणाली, "तुझा मालक काय म्हणतोय? घेत नाही म्हणे. ज्यांनी घ्यायचं ते घेऊन गेले!"

"गेलेल्यांना तरी सोड, असं सांग गं तिला."

"मेंढ्यांशी बोला की पिळा, दोन्ही नको," तोमा मागून ओरडला. "अजून सतरा जण खोळंबलेत."

साफ्ता पिळू लागली. गाव्रिला तिच्या मेंढ्यांच्या कासेत दूध ठेवणार, याबद्दल तिला शंका नव्हती. गावात ही एकच गोष्ट होती जिच्याबद्दल तिला शंका नव्हती. म्हणून तिनं विचार केला तो असा. तो ठेवणार, मी तक्रार करणार. तो तक्रार करणार, तर मीही काहीतरी ठेवलेलं असू दे. म्हणजे वजाबाकी दोन्हीकडून होईल आणि फिटंफाट होईल. फार नको. फक्त शेवटची मूठ. मेंढीचा पान्हा ओसरत आला की शेवटी दोन्ही सडांतून जी घट्ट, पिवळसर धार येते, तेवढीच सोडायची. तिच्या दृष्टीनं ही चोरी नव्हती. ही आगाऊ घेतलेली भरपाई होती.

पहिल्या मेंढीला तिनं हात आखडता घेतला तेव्हा तिचे कान तापले. तिसरीपर्यंत ते थंड झाले. सातवीच्या वेळी ती चादरीबद्दल विचार करत होती. चौदावी, शेवटची, बाहेर गेली तेव्हा तिला आठवलंही नाही की आपण अकरावी कधी पिळली.

नियमाप्रमाणे पिळून झाल्यावर मालकाला आपल्या मेंढ्यांची कास चाचपून बघायची मुभा असते. साफ्ता घागऱ्याला हात पुसत धावली. पहिली मेंढी धरली, कास रिकाम्या पिशवीसारखी मऊ. दुसरी मऊ. बाराच्या बारा मऊ. तिनं एकेका सडाला ओढून बघितलं. थेंब आला नाही. तिला पहिल्यांदा आश्चर्य वाटलं, मग राग आला. तक्रार करायला त्या माणसानं एकही जागा शिल्लक ठेवली नव्हती. ही त्याची नवी खोडी असावी.

गाव्रिला आपल्या मेंढ्या चाचपायला गेलाच नाही. तो कुडाला टेकून उभा होता आणि चौदा मेंढ्या समोरून चालत गेल्या तशा एकेकीच्या मागच्या पायांकडे बघत होता.

वेतुरियाबाईंनी चरव्या मोजायला घेतल्या. गाव्रिलाच्या चौदा मेंढ्यांचं दूध पाच लिटर तीनशे. गेल्या वर्षी सात होतं. लोक कुजबुजले. मग साफ्ताची चरवी आली. नळा एकदा भरला, दोनदा, तीनदा. पाचव्यांदा भरला तेव्हा साफ्तानं श्वास धरला. सहाव्यांदा काठोकाठ भरला तेव्हा सोडला. सातव्यांदाही भरला.

"सात लिटर दोनशे," वेतुरियाबाई म्हणाल्या.

साफ्ताच्या डोळ्यांपुढून चौथा मजला, गॅलरी आणि मोटारींचे टप नाहीसे झाले. पण ते फार तर चार सेकंद.

"शक्य नाही," पारास्किवा म्हणाली.

पारास्किवा पन्नाशीची, भरल्या अंगाची, आवाज तीन गल्ल्यांना पुरेल असा. गेल्या वर्षी साफ्ताच्या मेंढ्या तिनं पिळल्या होत्या. सात लिटर दोनशे खरं असेल तर गेल्या वर्षीचं पाच लिटर शंभर कुणामुळं, हा प्रश्न आपोआप उभा राहत होता, आणि तो उभा राहायच्या आत त्याला खाली बसवणं तिला भाग होतं.

"पाणी घातलंय," ती म्हणाली.

वेतुरियाबाईंनी खिशातून दुधाची घनता मोजायची काचनळी काढली, चरवीत सोडली, वाकून बघितली. "पाणी नाही. उलट फार छान दूध आहे."

"मग बाई, तुम्हीच सांगा. हिचं दोन लिटर शंभर वाढलं. गाव्रिलादादाचं एक लिटर सातशे घटलं. दोघांच्या चरव्या अशा मांडीला मांडी लावून. या चरवीतलं त्या चरवीत जायला किती वेळ लागतो?"

"पण तो कशाला देईल?" तोमा म्हणाला. "एकोणीस वर्षं तोंड बघत नाहीत एकमेकांचं."

पारास्किवानं कमरेवर हात ठेवले. "तेच तर! एकोणीस वर्षं कुणी इतकं नेटानं भांडतं का, तोमादादा? माझा नवरा आणि मी रोज भांडतो, पण अधूनमधून विसरतो. हे कधी विसरले? सरपण तिच्या भिंतीला टेकवायचं, मग तिनं बोलायचं, मग ह्यानं हलवायचं. अहो, आम्ही लग्नाआधी असंच करायचो."

बाकीच्या मालकांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. विधवा बाई. विधुर माणूस. मध्ये एक कुंपण, तेही पडायला आलेलं.

"आकडे जुळत नाहीत," वेतुरियाबाई म्हणाल्या. "तिच्याकडे दोन लिटर शंभर जास्त, त्याच्याकडे एक सातशे कमी. चारशे मिलिलिटर कुठून आलं?"

"ते प्रेमाचं!" पारास्किवा म्हणाली, आणि टेकडीवर असं हसू उसळलं की कुत्री भुंकायला लागली.

साफ्ता लालबुंद झाली. "जीभ झडेल तुझी! त्या माणसाच्या हातचं पाणी मी पिणार नाही, दूध घेईन?"

"पाणी नाही पिणार, म्हणून तर दूध घेतलंस गं!"

"गाव्रिला," वेतुरियाबाईंनी वर्गातला आवाज लावला, "तू सांग. तुझ्या मेंढ्यांच्या मापाबद्दल तक्रार आहे का? असेल तर नियमाप्रमाणे पुन्हा पिळू, सगळं स्पष्ट होईल."

 आता तो हो म्हणणार, साफ्ताला वाटलं. तिनं मनात हिशेब केला: चौदा मेंढ्या, एकेकीत एक मूठ.

गाव्रिलानं टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली.

"नाही," तो म्हणाला. "मला संशय नाही."

कोर्नेतच्या टेकडीवर हे वाक्य या आधी कधी कुणी उच्चारलं असेल तर त्याची आठवण जिवंत माणसांपैकी कुणाला नव्हती. तोमाच्या एका गड्यानं क्रूसाची खूण केली.

"काय म्हणालास?" वेतुरियाबाईंनी विचारलं.

"साफ्तानं पिळलं ते बरोबर पिळलं. माझा विश्वास आहे."

"झालं!" पारास्किवानं टाळी वाजवली. "आता आणखी काय पुरावा पाहिजे? विश्वास आहे म्हणे! माझ्या सख्ख्या भावावर माझा विश्वास नाही. शेजाऱ्यावर विश्वास ठेवणारा माणूस एक तर वेडा असतो नाही तर... तोमादादा, होरिंका आणली आहेस ना? साखरपुड्याला लागेल."

तोमानं खरंच दारूची बाटली काढली. कुणीतरी म्हणालं की आता कुंपण काढलं तर एकाच फाटकात भागेल. कुणी विचारलं की कोंबड्यांचं काय, त्यांना आता कोण बोलणार. वेतुरियाबाईंनी वहीत दोन्ही आकडे लिहिले आणि म्हणाल्या, "तक्रार नसेल तर माप कायम. पुढचे कोण?"

माप कायम. सात लिटर दोनशे. साफ्तानं आता फक्त गप्प बसायचं होतं. घरी जायचं, सिल्विऊला फोन करायचा, आकडा सांगायचा. गाव आठ दिवस हसलं असतं, फार तर ऑगस्टपर्यंत. ती बाजूला जाऊन खडकावर बसली.

गाव्रिला तिच्यापासून चार पावलांवर येऊन थांबला. आजूबाजूला कोंबडी नव्हती. त्यानं एकदा इकडेतिकडे बघितलं आणि मग सरळ तिच्याकडे बघितलं. तिच्याशी थेट बोललेलं एकोणीस वर्षांतलं ते पहिलं वाक्य होतं.

"राहू दे, साफ्ता."

"काय राहू दे?"

"कासेत आहे ते. मी बघितलं चालताना. माझ्या मेंढ्या आहेत, मला मागून कळतं." त्यानं घसा खाकरला. "तुझ्या सिल्विऊनं मला फोन केला होता. घराची किल्ली ठेवाल का म्हणाला. सहा लिटरचं पण सांगितलं. मी म्हटलं, मला किल्ली नको."

साफ्ता खडकालगतचं गवत उपटू लागली.

"शेजारचं घर बंद असलं की कसंतरी वाटतं," गाव्रिला म्हणाला. "सरपण कुठं ठेवायचं ते कळत नाही."

"आणि माझ्या मेंढ्या अशा निपटून काढल्यास, त्या कशाला? तेही दयेनं?"

"दया कसली! एक थेंब मागं राहिला असता तर तू वर्षभर माझ्या कोंबड्यांना ऐकवत बसली असतीस. त्या अंडी द्यायच्या बंद होतात." तो वळला. "होरिंका घे घोटभर आणि घरी जा."

तो गेला. साफ्ता खडकावर बसून राहिली आणि तिच्या डोक्यात चाकं फिरायला लागली. एखादा माणूस फुकट विश्वास का ठेवील? त्याला किल्ली नको. का नको? किल्ली म्हणजे बंद घर; त्याला उघडं घर पाहिजे. म्हणजे त्याला कुरण पाहिजे असणार, नाल्याकडचं. आज म्हणतो राहू दे. उद्या म्हणेल, साफ्ता, मी तुझं झाकलं, आता माझी फांदी तुझ्या अंगणात आली तर आली. आयुष्यभर त्याचं ओझं. दोकिया वर बसून हसेल. आणि गाव म्हणेल, प्रेम. म्हणजे बाई चोर नाही, पण तसली आहे. आणि खरं तर तसली नाही, पण चोर आहे. दोन्ही उलटं!

चोर म्हणवून घेणं त्यापेक्षा सोपं होतं. कोर्नेतमध्ये सगळेच चोर होते; त्यात नवं काही नव्हतं.

शिवाय आकडे तिच्या बाजूचे होते. तिनं पुन्हा हिशेब केला. शेवटची मूठ म्हणजे किती? कॉफीच्या लहान कपाच्या तळाशी राहते तेवढी. पन्नास मिलिलिटर धरू. चौदा पन्नास सातशे. सात लिटर दोनशेतून सातशे गेले, राहिले साडेसहा. सहाच्या वर. सगळं फिटतं: प्रेमाचा आळ जातो, उपकार जातो, घर राहतं. एक लिटर दोनशेपेक्षा जास्त निघालं तरच घात, आणि इतकं तर निघणारच नाही. आपल्या हातावर तरी माणसाचा विश्वास असावा.

ती उठली. "बाई! पुन्हा पिळा."

वेतुरियाबाई नवव्या मालकाचं नाव लिहीत होत्या. "काय पुन्हा?"

"गाव्रिलाच्या मेंढ्या. मी त्यात दूध मागं ठेवलंय."

 पारास्किवाचा पेला ओठांपाशी राहिला.

"त्याची तक्रार नाही," वेतुरियाबाई म्हणाल्या.

"माझी आहे."

"स्वतःविरुद्ध?"

"नियमात मनाई आहे का?"

वेतुरियाबाईंनी वही चाळली. मनाई नव्हती. असं कुणी करील हे नियम करताना कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"हिला काही कळत नाही, उन्हात बसली म्हणून," गाव्रिला घाईनं म्हणाला. "बाई, लिहिलंय ते लिहिलंय. माझी काही..."

"तू मध्ये पडू नकोस!" साफ्ता त्याच्यावर कडाडली. गावासमोर ती त्याच्याशी थेट बोलली हे काहींच्या नंतर लक्षात आलं. "मला कुणाचा विश्वास नकोय. माझं काय निघतं ते मोजा."

वेतुरियाबाईंनी घड्याळ बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर चौतीस वर्षांपूर्वीचा उत्साह आला. "पिळून दीड तास झालाय. तेवढ्यात थोडं नवं दूध उतरतंच. ते मागं ठेवलेल्यात धरता येणार नाही. म्हणून आधी साफ्ताच्या बारा मेंढ्या पुन्हा पिळू. त्यांत जे निघेल ते नवं उतरलेलं. त्या प्रमाणात गाव्रिलाच्या चौदांमधून वजा करू. उरेल ते मागं ठेवलेलं. पिळणार तोमा, कारण त्याची कळपात मेंढी नाही."

"माझ्यावर विश्वास आहे तर," तोमा म्हणाला.

"नाही. मी शेजारी बसते."

साफ्ताच्या बारा मेंढ्यांतून दोनशे चाळीस मिलिलिटर निघालं. मेंढीमागं वीस.

"म्हणजे गाव्रिलानं हिच्या मेंढ्या स्वच्छ पिळल्या होत्या," वेतुरियाबाई मोठ्यानं म्हणाल्या. "सात लिटर दोनशे हे हिच्या मेंढ्यांचंच."

माणसांची डोकी एकेक करून पारास्किवाकडे वळली. पारास्किवा म्हणाली की यंदा गवत चांगलं आहे.  साफ्ताला वाटलं, इतक्या वर्षांत इतकी सुंदर सकाळ आपल्या वाट्याला आली नव्हती.

मग गाव्रिलाच्या मेंढ्या. पहिली फटीतून आली, तोमानं हात घातला, आणि चरवीच्या तळावर धार वाजली. साफ्ता तो आवाज ऐकत होती. पहिलीचा लवकर थांबला. दुसरीचाही. पाचवीचा थांबेना. सातवीला तोमानं एकदा मान वर करून साफ्ताकडे बघितलं आणि पुन्हा पिळायला लागला. गाव्रिला कुडाकडे तोंड करून उभा होता. अकरावीच्या वेळी साफ्ता मनातल्या मनात मुठी मोजायला लागली, पण त्या मोजायला उशीर झाला होता.

चौदावी मेंढी बाहेर गेली. वेतुरियाबाईंनी नळा सपाट दगडावर ठेवला आणि चरवीतलं दूध ओतलं. नळा दोनदा भरला. तो त्यांनी रिकामा केला, पुन्हा ओतलं, फेस बसायची वाट बघितली, डोळा दुधाच्या पातळीशी आणला. वहीत दोन लिटर एकशे ऐंशी लिहिलं, त्याखाली नव्या उतरलेल्या दुधाचे दोनशे ऐंशी लिहिले, खाली रेघ मारली आणि उत्तर वाचून दाखवलं.

"एक लिटर नऊशे मिलिलिटर."